वारसा : गोधडीतला आणि सातबाऱ्यावरचा

(नगर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे, ‘घराण्याचा वारसा आणि आपली कला’. यातल्या ‘घराणं’ या शब्दापाशीच मी अडखळते. कुठलं घराणं? ज्या घरात जन्मले त्याचं नाव लग्नात गेलं. ज्या घरात आले तिथल्या कुळकथा सांगणारे सगळे पुरुष. घरातल्या कुठल्याही पुरुषाला विचारा, तो चार-पाच पिढ्या धडाधड सांगेल, बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. त्यातल्या एकाचीही आई कोण होती ते त्याला सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही याचं त्याला काही वाटणारही नाही.

‘वारसा’ हा शब्दही आपल्याला दोन ठिकाणी ऐकू येतो. एक, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला. दुसरं, तलाठ्याकडे, तिथे तो वारसनोंद, वारस दाखला अशा रूपात येतो. पहिल्या ठिकाणी बायकांना अगदी पुढच्या रांगेत बसवतात, समई लावायला बोलावतात. दुसऱ्या ठिकाणी सहीपुरतं किंवा अंगठ्यापुरतं बोलावतात. मी जुन्या लुगड्यांमधून कापडी चित्रं करते. ती करताना ही दोन्ही ठिकाणं माझ्या हातात एकत्र आली, म्हणून आज दोन्हींबद्दल बोलणार आहे.

आमच्या नगरला वारसा म्हटलं की आधी किल्ला. १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबीबी मोगलांसमोर उभी राहिली तो किल्ला. पुढे १९४२ च्या आंदोलनात नेहरूंना तिथे कैदेत ठेवलं आणि तिथेच बसून त्यांनी भारताच्या वारशाचा शोध घेणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. शहराच्या पूर्वेला डोंगरावर एक उंच दगडी इमारत आहे, तिला आपण सगळे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. तुमच्यातल्या नगरच्या जणी शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आल्या असतील. तो महाल नाही, कबर आहे. आणि चांदबीबीची नाही, निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची. लोकांनी प्रेमानं नाव बाईचं दिलं, आत पुरुष झोपलेला आहे. २०२४ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, जामखेड तालुक्यातल्या चोंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावानं. त्याचा मला आनंदच आहे. पण जिल्ह्याला बाईचं नाव आणि घरच्या वंशावळीत एक बाई नाही, अशी आपली तऱ्हा.

मग बाईचा वारसा शोधायचा कुठे?

आमच्या गटातल्या बायकांनी तीन वर्षांपूर्वी ठरवलं की एक मोठी गोधडी करायची. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या बाईच्या अंगावरचं हातभर कापड आणायचं आणि त्यावर टाक्यांनी नावं लिहायची : आई, आईची आई, तिची आई. बस्स, तीन नावं. आम्ही बावीस जणी होतो. मला वाटलं होतं दोन बैठकांत नावं होतील, मग शिवायला बसू. आईचं नाव सगळ्यांना माहीत होतं, ते उघडच आहे, पण कुठलं? लग्नाआधीचं की नंतरचं? इथेच अर्धा तास गेला. आजीच्या नावासाठी आठ जणी घरी विचारून आल्या. एकीनं मामाला फोन केला, तर सत्तरीतला मामा म्हणाला, “आम्ही तिला बाईच म्हणायचो. नाव असेल काहीतरी.” आणि पणजीचं नाव? बावीसपैकी चौघींना मिळालं. एकीला ते कसं मिळालं सांगते. पणजी ज्या वर्षी वारली त्या वर्षी तिच्या नावानं पंढरपूरला देणगी दिली होती, त्या पावतीवर.

नावं आली ती ऐका. सारजा, ठकू, चंद्रभागा, राही, धोंडा, आणि दोन नकुशा. धोंडा आणि नकुशा ही काय नावं आहेत ते तुम्हाला सांगायला नको. मुलगी नको होती हे तिच्या नावातच लिहून ठेवलेलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुशा नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलली, ते वर्तमानपत्रात आलं होतं. आमच्या गोधडीवर मात्र ती बदलता येणार नव्हती. नातीला विचारलं, काय करायचं? ती म्हणाली, तेच लिहायचं, तिला तेच म्हणून हाक मारली सगळ्यांनी आणि त्या हाकेला ओ देऊन तिनं सात लेकरं वाढवली.

ज्यांना नाव मिळालं नाही त्यांचं काय करायचं यावर आमच्यात चांगलंच भांडण झालं. काही म्हणाल्या, जागा कोरी ठेवा. काही म्हणाल्या, गावाचं नाव लिहा, माहेर लिहा. एक वयस्कर बाई म्हणाल्या, “कोरं काय ठेवता? बाई लिहा. मामा बाईच म्हणत होता ना?” शेवटी ज्या त्या बाईनं आपल्याला पटलं ते केलं, म्हणून त्या गोधडीत काही कोऱ्या चौकटी आहेत, काहींत गावं आहेत आणि तीन ठिकाणी नुसतं ‘बाई’ आहे. आता सरकारनं नियम केला आहे की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं, मग बापाचं नाव लागेल. चांगलं आहे. ती एक पायरी झाली. आजीपर्यंत चढायला अजून किती वर्षं जातील, मोजा.

गोधडीच का, असं मला कला महाविद्यालयातली मुलं विचारतात. कॅनव्हास का नाही? त्यांना गोधडी कशी होते ते ठाऊक नसतं, म्हणून इथेही थोडं सांगते. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या हाताला अजून दाभणाचे घट्टे असतील, त्यांनी माफ करावं.

आमच्याकडे गोधडी उन्हाळ्यात शिवायच्या. सुगी उरकलेली, खळी झालेली, पावसाळा तोंडावर. सारवलेल्या जमिनीवर आधी एक मजबूत जुनं लुगडं अंथरायचं. नऊवार लुगड्याचे दोन-तीन पाट जोडले की गोधडीची रुंदी निघते. त्यावर घरातलं जे जे अंगावर घालण्यापलीकडे गेलं ते ते पसरायचं : धोतराचे तुकडे, फाटक्या चोळ्या, पोरांचे सदरे, धान्याच्या पिशवीचं कापड. वरून पुन्हा सगळ्यात मऊ झालेलं लुगडं. कडा दगडांनी दाबायच्या, मोठे टाके घालून थर पक्के करायचे आणि चार बाजूंना चौघी बसून कडेकडून आत शिवत यायचं. धावदोराच, पण बोटभर अंतरानं ओळी. जिची शिवण सरळ, जिची तिरकी, जिचा टाका मोठा, सगळं शेवटपर्यंत दिसतं. आमच्या आत्याची ओळ मला आजही दोन हातांवरून ओळखू येते, तिची ओळ दर वितीला थोडी खाली उतरते. तिला डाव्या डोळ्यानं कमी दिसायचं.

म्हणजे चित्रकार खाली सही करतो तशी सही गोधडीत नसते, तरी कोणी शिवली ते कळतं. घरातल्यांना कळतं. बाहेरच्यांना कळत नाही, आणि तिथेच सगळा गोंधळ होतो. त्यावर नंतर येते.

माझ्या वडिलांच्या आईची एक गोधडी माझ्याकडे आली. ती मी उसवली. घरातल्यांनी मला वेड्यात काढलं, चांगली गोधडी कोणी उसवतं का! पण मला ती वाचायची होती. पंधरा दिवस लागले. वरचं हिरवं लुगडं निघालं तेव्हा खाली अधिक जुनी गोधडीच निघाली; आजीनं जुनी गोधडी पोटात घालून नवी शिवली होती. त्यात एक भरड, जाड सुताचा थर होता. आत्या म्हणाली, हे बहात्तरचं. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात काय झालं ते इथल्या साठीच्या पुढच्या बायांना विचारा. पाझर तलावाच्या कामावर, रस्त्याच्या कामावर आजी आणि आई दोघी खडी फोडायला होत्या. मुलं सुकडीवर जगली, आणि लाल मिलोच्या भाकरी. त्या कामाच्या पैशातून घेतलेलं एकच लुगडं दोघी आलटून पालटून नेसल्या. ते त्या थरात होतं. काखेत घामानं विरलेलं.

आणि सगळ्यात आत, मधोमध, घडीवर घडी घातलेली एक साडी निघाली. जांभळी, बारीक काठाची. तिला घालण्याची खूण नव्हती. निऱ्या कधी पडलेल्याच नव्हत्या. जुन्या कापडाच्या गोधडीत कोरी साडी? आमच्या घरात कोरी साडी गोधडीत घालायची ऐपत कुणाची? मी आत्याला विचारलं. आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ती तालुक्याची साडी.”

तालुक्याची म्हणजे, आजीचे वडील वारल्यावर तिचे भाऊ तिला बैलगाडीत घालून तालुक्याला घेऊन गेले, कचेरीत अंगठा घेतला, हॉटेलात भजी खाऊ घातली आणि एक साडी घेऊन दिली, ती. हक्कसोड. १९५६ चा हिंदू वारसा कायदा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा आला होता, आणि म्हणूनच तो अंगठा घ्यायची गरज पडली होती. आजी भावांशी कधी भांडली नाही. दर वर्षी भाऊबीजेला गेली. ती साडी मात्र तिनं नेसली नाही, कुणाला दिलीही नाही. दोन पिढ्यांच्या पोरांना त्या साडीवर निजवलं.

माझं जे चित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय ते या साडीचं आहे. मी ती साडी पूर्ण उलगडून, त्यावर सातबाऱ्याचा नमुना टाक्यांनी काढला. रकाने, भोगवटादाराचं नाव, इतर हक्क, सगळं. नावाच्या जागी आजीच्या अंगठ्याएवढे गोल टाके. त्याखेरीज मी काही केलेलं नाही. पहिल्यांदा ते नगरला लावलं तेव्हा बायका समोर उभ्या राहून आपापसात बोलायला लागल्या, माझी कोणती साडी, तुझी कोणती. एक म्हणाली, मला तर साडीही नाही, चोळीचं कापड दिलं होतं.

माझा भाऊही पाहायला आला होता. तो म्हणाला, “ताई, घरातलं असं भिंतीवर लावतात का?” त्याचा राग चित्रावर होता असं मला वाटत नाही. वडील गेल्यानंतर मी सही दिलेली नाही. माझं नाव सातबाऱ्यावर आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलला तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, म्हणून त्यात मी बसत नव्हते. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं विवाहित मुलीही आल्या, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानंच आहे. दोन भाऊबीजा आम्ही भेटलेलो नाही. आजी सही देऊन दर वर्षी गेली, मी न देता जाऊ शकलेले नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. वारशातून कला करायची असं आपण म्हणतो तेव्हा ती भिंतीवर लागल्यावर घरात काय होतं तेही बोललं पाहिजे, एवढ्यासाठी सांगते. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन करून दिली, तेव्हा आपल्यातल्या अनेक जणी त्यात होत्या. बहिणींच्या नावावर करून देण्याची मोहीम अजून कुणी काढलेली माझ्या ऐकण्यात नाही.

आता दुसरी बाजू. नावांच्या गोधडीच्या वेळी आमच्यातली एक जण, मातंग वस्तीतली, पहिल्या दिवसापासून गप्प होती. तिसऱ्या बैठकीत ती म्हणाली, “तुमच्या गोधडीत तुमची लुगडी. आमच्या गोधडीत पण तुमचीच लुगडी. आजी वाड्यावाड्यातून मागून आणायची. मी कुणाचा वारसा शिवू?” कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. तिनं पुढे काय केलं तर आजीच्या हातचा केरसुणीचा एक पात्यांचा जुडगा आणला आणि कापडाऐवजी तो त्या चौकटीत टाचला. ज्यांना वारसा शब्द उच्चारला की ऊर भरून येतो त्यांनी तो जुडगा जवळून पाहावा.

तिला मी मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. ती तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, हे ओघानं आलंच. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मांग मुलगी. तिनं १८५५ साली निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी, आणि तो छापला ‘ज्ञानोदय’नं, जे पत्र १८४२ साली आपल्या नगरात सुरू झालं होतं. सावित्रीबाई अध्यापनाचं शिक्षण घ्यायला आल्या त्याही नगरला, मिस फरारबाईंकडे. मुक्तानं निबंधात पूर्वजांबद्दल लिहिलंय. काय लिहिलंय? की मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेलशेंदूर पाजून पुरलं. विचार करा, ज्या वाड्यांपुढे उभं राहून आपण वारसा-वारसा करतो त्यांच्या पायात ही मुलगी आपले पूर्वज दाखवते. मुळं शोधण्याचं इतकं धारदार लिखाण मराठीत त्यानंतर फार थोडं झालं असं माझं मत आहे.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ साली आलं. त्यांची आई कोकणात बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची, त्यालाच आयदान म्हणतात. आईचं विणणं आणि माझं लिहिणं यांची वीण एक आहे, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलंय. म्हणजे आईच्या हातातून लेकीच्या हातात कला आलीच. पण जातीनं लादलेलं काम म्हणून जे विणणं आईच्या गळ्यात पडलं, ते लेकीनं निवडून, आपल्या अटींवर, दुसऱ्या वस्तूत आणलं. हा फरक फार मोठा आहे. जामखेडकडच्या कला केंद्रात नाचणाऱ्या मुलीला जाऊन सांगा की तुला कलेचा वारसा लाभलाय. तिची आई नाचली, आजी नाचली, म्हणून तीही नाचते. तिला न नाचण्याचा वारसा हवा आहे. अशा बाईपुढे आपण सुंदर शब्द वापरताना जरा जपून.

इथे नगरच्याच एका बाईचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लक्ष्मीबाई टिळक. माहेरच्या मनकर्णिका गोखले, लग्नात लक्ष्मी झाल्या, पुढे टिळकांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या आणि त्यांच्या संसाराची कितीतरी वर्षं या नगरात गेली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं पुस्तक, आज नव्वद वर्षांनीही कोणी अर्धं ठेवत नाही. त्यात वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे, सासऱ्यांचा जाच आहे, नवऱ्याचं भोळेपण आणि तऱ्हेवाईकपणा आहे, आणि आपल्या स्वतःच्या मनातला जातीचा विटाळ कसा एकेक पायरीनं गेला तेही आहे. घरातलं बाहेर कशाला, असं त्यांनाही कोणी म्हटलं असेलच. पण वाचताना कुठेही त्या कुणाचा सूड घेत आहेत असं वाटत नाही, आणि कुणाला देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. माझ्या शिवण्याला गुरू कोण असं विचारलं तर मी त्यांचं नाव सांगते, त्यांनी दाभण किती हातात धरला असेल मला माहीत नाही.

जात्यावरच्या ओव्यांबद्दलही दोन शब्द. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांनी खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांच्या मदतीनं एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्या आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. त्याआधीच्या कितीतरी संग्रहांत काय असायचं? संपादकाचं नाव कव्हरावर आणि आत ‘लोकगीत’. लोक म्हणजे कोण? पहाटे तीनला उठलेली एक बाई. जातं गेलं, गिरणी आली, ओव्या थांबल्या, असा गळा काढणारे लेख मी वाचते तेव्हा मला वाटतं या लेखकानं एकदा पायलीभर ज्वारी दळावी. जातं थांबलं याचं मला तसूभर दुःख नाही. ओवी गाणारीचं नाव लागलं याचं सुख आहे.

नगर शहरात पद्मशाली वस्तीत मी वर्षभर जात होते. हातमागावर लुगडी विणणं हा नगरचा, भिंगारचा, संगमनेरचा जुना धंदा. मागावर पुरुष बसायचा, पण कांड्या भरायच्या बायकांनी. त्याची मजुरी वेगळी कधीच धरली नाही, ती नवऱ्याच्या कामातच धरलेली. माग बंद पडत गेले तशा त्याच बायका विड्या वळायला बसल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, माझ्या आईनं भरलेल्या कांडीचं सूत तुझ्या आजीच्या लुगड्यात असेल. असेलही. तेव्हापासून मी माझ्या चित्रामागे ‘आजीचं लुगडं’ एवढंच लिहीत नाही. कुठल्या गावचं, कुणाच्या मागावरचं, जेवढं कळेल तेवढं लिहिते.

आता बाजाराचा गोंधळ, जो नंतर सांगते म्हटलं होतं. सध्या गोधडीला फार दिवस आले आहेत. शहरातल्या दुकानात, मोबाईलवर, ‘आजीच्या मायेची ऊब’ वगैरे लिहून हजारोंना विकतात. शिवणाऱ्या बाईला नगावर पैसे. आमच्या बचत गटाकडून एका व्यापाऱ्यानं वीस गोधड्या नेल्या, त्यांवर स्वतःच्या मुलीच्या नावाची पट्टी शिवली आणि ‘आमच्या घराण्याची परंपरा’ म्हणून विकल्या. परंपरा आमची, घराणं त्यांचं! आम्ही जाब विचारला तर म्हणे, गोधडी काय कुणाच्या मालकीची असते का.

हा प्रश्न आपल्याकडेच पडलाय असं समजू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं एक गाव आहे. गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका शेतात घातलेल्या जाड विजारी, सदरे फाडून अगदी आपल्यासारख्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या, टीकाकारांनी त्यांना आधुनिक चित्रांच्या पंगतीला बसवलं, २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये त्यातल्या काही बायकांना हिशेबासाठी कोर्टात जावं लागलं. ते दावे पुढच्या वर्षी मिटले. संग्रहालयाची भिंत मिळाली तरी पैसे कुणाकडे गेले हे बाईला विचारावंच लागतं, तिथेही.

त्याच देशातली चित्रकार फेथ रिंगोल्ड, २०२४ मध्ये वारली. तिची पणजीची आई गुलामगिरीत मालकासाठी गोधड्या शिवायची. आई कपड्यांची कारागीर. १९८० साली मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली, पुढे ही बाई गोधडीवर चित्रं काढून गोष्टी लिहू लागली. आईचं नाव तिनं कधी लपवलं नाही. आणि ॲलिस वॉकरची एक कथा आहे, १९७३ ची. शिकलेली थोरली लेक शहरातून येते आणि आजीच्या गोधड्या मागते, भिंतीवर लावायला. धाकटी साधी, गावातच राहिलेली, लग्नानंतर ती त्या पांघरणार. आई काय करते? धाकटीला देते. आपल्या चळवळीत ही कथा वाचली की सगळ्या टाळ्या वाजवतात. मला मात्र थोरलीबद्दलही थोडं बोलावंसं वाटतं. पांघरली तर ती दहा वर्षांत विरणार. माझ्या आजीची गोधडी कुणी तरी उसवली नसती तर ती साडी दिसली असती का?

आमच्या गटानं यावर काही गोष्टी ठरवल्यात, त्या सांगते. प्रत्येक गोधडीच्या मागे कोपऱ्यात शिवणाऱ्या सगळ्यांची नावं, दोऱ्यानं, छापील पट्टीवर नाही. पट्टी उसवता येते. कापड कुणी दिलं त्याची नोंद वहीत. मजुरी नगावर न धरता दिवसावर, कारण मोठ्या गोधडीला दोघींचे बारा-पंधरा दिवस सहज जातात आणि नगाच्या भावात ते दिसत नाहीत. आणि एकदा विकलेली गोधडी दुसऱ्यानं आपल्या नावानं विकायची नाही, असं बिलावर लिहून घेतो. व्यापारी हसतात. तीन गेले, एक टिकला. धंद्याला हे परवडतं का, हे अजून पुरतं कळलेलं नाही. गेल्या दिवाळीत परवडलं, उन्हाळ्यात नाही.

नावांची गोधडी आम्ही विकणार नाही. ती सध्या पाथर्डीकडच्या एका गटाकडे आहे. तिथल्या बायका ऊसतोडीला जातात, त्यांनी सांगितलं की आम्हाला आमच्या चौकटी जोडायच्यात, पण टोळ्या परत आल्यावर, तोवर वेळ नाही. म्हणून ती उन्हाळ्यात पुन्हा अंथरायची आहे. तुमच्यापैकी ज्यांना यायचं त्यांनी संयोजकांकडे नाव द्या. येताना हातभर कापड आणा, दाभण आमच्याकडे आहेत. आणि माहेरच्या गावचा सातबारा काढून आणा. आता तो मोबाईलवरही दिसतो, भावाला विचारावं लागत नाही. दुपारच्या सत्रात वकीलताई असतील, त्या तुमच्या देखत वाचून दाखवतील.